समाजवाद की मुक्त बाजार : वाद मालकीचा आहे की तोट्याचा?

ताळेबंद (मूळ लेख; ही आणि पुढची शीर्षके लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत)

समाजवाद चांगला की मुक्त बाजार, ही चर्चा बहुधा मालकीच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. कारखाना सरकारचा असावा की खासगी व्यक्तीचा, जमीन सामूहिक असावी की ज्याची त्याची, नफा कोणाच्या खिशात जावा, यावर दोन्ही बाजूंची मते इतकी घोटून तयार झालेली असतात की पहिल्या दोन वाक्यांनंतरचे सारे ऐकणाऱ्याला आधीच पाठ असते. गेल्या शंभर वर्षांतील प्रयोगांचा इतिहास वाचताना मला असे वाटू लागले आहे की मालकी कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे. एखाद्या उद्योगाला सतत तोटा होत असेल तर त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाच्या उत्तरावर अर्थव्यवस्थेचा स्वभाव ठरतो.

हा विचार माझा नाही. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी तो १९८०च्या सुमारास विस्ताराने मांडला. नियोजित अर्थव्यवस्थेत प्रत्यक्ष राहून, तिच्या कारखान्यांचे आणि मंत्रालयांचे व्यवहार जवळून पाहणाऱ्या माणसाने तो मांडला, म्हणून मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. हंगेरीने १९६८ मध्ये मोठ्या सुधारणा केल्या होत्या. कारखान्यांना वरून येणारी सक्तीची उद्दिष्टे रद्द झाली, किमतींचा काही भाग मोकळा झाला आणि नफा कमावणे हे व्यवस्थापकाचे अधिकृत कर्तव्य ठरले. तरीही टंचाई हटली नाही आणि गुंतवणुकीची हाव कमी झाली नाही. असे का झाले असावे? कोर्नाई यांचे उत्तर असे की नफा मिळवण्याची मुभा मिळाली होती, पण तोट्यात बुडण्याची भीती आलेली नव्हती. तोट्यातील कारखान्याला कधी अनुदान मिळे, कधी करात सूट मिळे, कधी कर्जाचे हप्ते पुढे ढकलले जात, तर कधी त्याच्या मालाची किंमतच वाढवून दिली जाई. अशा परिस्थितीत हुशार व्यवस्थापक कारखान्यातील उधळपट्टी शोधत बसत नाही. तो राजधानीत जाऊन बसतो.

टंचाईचा उगमही इथेच आहे. ज्याचे पैसे कधीच संपत नाहीत त्याला पोलादाची किंमत दुप्पट झाली तरी फरक पडत नाही, आणि उद्या मिळेल की नाही याची खात्री नसल्याने तो आजच गरजेपेक्षा जास्त पोलाद मागवून गोदामात भरून ठेवतो. प्रत्येकाने असे केले की कितीही पोलाद बनवले तरी ते कमीच पडते. म्हणजे दुकानासमोरच्या रांगेचे कारण उत्पादन कमी होते एवढेच नव्हते. मागणीला अंतच नव्हता, हेही तितकेच मोठे कारण होते. हात सैल सोडण्याचा हा रोग कोर्नाई यांनी समाजवादी व्यवस्थेत पाहिला खरा, पण तो तिथेच राहिला नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडू दिली गेली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या संसदेने वित्तसंस्था वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरच्या योजनेला संमती दिली. तीव्र मंदीच्या भीतीने हे केले गेले आणि ती भीती खोटी नव्हती. पण हंगेरीच्या मंत्रालयालाही प्रत्येक वेळी असेच काहीतरी योग्य कारण सापडत असणार.

आता दुसरी बाजू. बाजाराचे समर्थक तोट्याच्या शिस्तीबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनी असते. पण कंपनीबरोबर माणसेही बुडतात. १९३३ मध्ये अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते आणि त्यांतील बहुतेकांनी कोणताही चुकीचा निर्णय घेतलेला नव्हता. ज्याने चूक केली त्याला शिक्षा देणारी यंत्रणा ज्याने केली नाही त्यालाही तीच शिक्षा देत असेल, तर तिला नुसती शिस्त म्हणून चालत नाही. समाजवादाचा जन्म अशाच अनुभवांतून झाला आणि म्हणूनच तो कितीही वेळा हरला तरी पुन्हा उभा राहतो, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की तोट्यातील संस्था बंद पडू शकेल आणि तिच्यातील माणसे मात्र रस्त्यावर येणार नाहीत, अशी रचना करता येते का, हा प्रश्न मालकीच्या प्रश्नाआधी विचारावा. मतभेद असतील तर सविस्तर मांडावेत.

वजाबाकी

लेख आवडला, पण गाडी घोड्याच्या पुढे जुंपली गेली आहे असे वाटते. तोटा झाला हे कळायला आधी किंमत खरी असावी लागते. ऑस्ट्रियाचे अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिसेस यांनी १९२० मध्ये घेतलेला आक्षेप नेमका हाच होता: उत्पादनाची साधने खरेदी-विक्रीच्या बाहेर काढली की त्यांना किंमत उरत नाही, आणि किंमत नसेल तर धरण बांधायचे की रेल्वे टाकायची यांची तुलना करायला मोजपट्टीच उरत नाही. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी १९३६-३७ मध्ये त्याला उत्तर दिले की नियोजन मंडळच किमती ठरवू शकेल. माल शिल्लक राहिला की किंमत उतरवायची आणि तुटवडा पडला की चढवायची. (अवांतर : हा प्रश्न उपस्थित केल्याबद्दल नियोजन मंडळाच्या सभागृहात मिसेस यांचा पुतळा उभारावा, असेही लांगे यांनी मिश्कीलपणे सुचवले होते. विरोधकाची अशी दखल घेणारे वादपटू आता विरळच.)

खरे उत्तर त्यानंतर बाजाराचे समर्थक अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये दिले. जगात कुठेतरी कथील दुर्मीळ झाले, तर ते का झाले हे कथील वापरणाऱ्या हजारो लोकांना कळण्याची गरजच नसते. भाव चढला एवढे पुरेसे असते आणि त्यावरून प्रत्येक जण आपापल्या जागी काटकसर करतो. हे ज्ञान कोणत्याही एका टेबलावर गोळा करता येत नाही, कारण त्याचा मोठा भाग कागदावर उतरण्याजोगा नसतोच. सोव्हिएत संघात झुंबरांचे उद्दिष्ट टनांत दिले जाई आणि म्हणून कारखाने जडच्या जड झुंबरे बनवत, ही तक्रार कोणा भांडवलशहाने केलेली नसून ती खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची होती. तिथे तोटा माफ केला जात होता हे दुय्यम आहे. झुंबर कोणाला कसे हवे आहे हे सांगणारा आवाजच कारखान्यापर्यंत पोहोचत नव्हता.

ताळेबंद

किमतीशिवाय तोटा मोजता येत नाही, हे मान्य आहे. पण हंगेरीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले होते. तिथे १९६८ नंतर बऱ्याच किमती बोलू लागल्या होत्या. ऐकणाऱ्याला ऐकण्याची गरज नव्हती. कथिलाचा भाव चढल्यावर काटकसर तोच करतो ज्याचे पैसे मर्यादित आहेत. तुम्ही सांगता ती मोजपट्टी आणि मी सांगतो ती भीती, या दोन्ही एकत्र असल्या तरच यंत्र चालते. सोव्हिएत गणितज्ञ लियोनिद कान्तोरोविच यांचे उदाहरण या संदर्भात मला फार बोलके वाटते. प्लायवुडच्या कारखान्यातील यंत्रांवर काम कसे वाटावे, या प्रश्नातून त्यांनी १९३९ मध्ये एक गणिती पद्धत शोधली आणि त्या गणितातून प्रत्येक साधनाचे मूल्य आपोआप बाहेर पडत होते. म्हणजे किंमत सोव्हिएत संघातच, कागद-पेन्सिलीने सापडली होती. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही तिथल्या नियोजनाचा गाडा फारसा हलला नाही, कारण ती किंमत पाळली नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नव्हते.

दुसरी बाजू

किंमत हा आवाज आहे असे वर म्हटले गेले आहे. त्या आवाजाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. किमतीच्या भाषेत बोलण्यासाठी खिशात पैसे असावे लागतात, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याची भूक बाजाराला ऐकूच येत नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, तेव्हा त्याच देशातून धान्य आणि जनावरे बोटींतून बाहेर जात होती. बाजारात बिघाड झाला होता असे म्हणता येत नाही. जिथे पैसे देणारा होता तिथे माल जात होता, म्हणजे किंमत आपले काम चोख करत होती. व्यापारात हात घालू नये, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची ठाम समजूत होती आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना ती समजूत कधी कोणी विचारली नव्हती.

दुसरा मुद्दा आरोग्याचा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, कारण रुग्णाला आपल्याला काय हवे आहे हेच ठाऊक नसते. ते ठरवणारा आणि ते विकणारा माणूस एकच असतो. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली ती क्रांती करण्यासाठी नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा आणणारे जर्मनीचे चान्सेलर बिस्मार्क तर समाजवाद्यांचे कट्टर शत्रू होते आणि समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी हाच त्यांचा हेतू होता. म्हणून मला धागाकर्त्यांना विचारायचे आहे की रुग्णालयाचा तोटा म्हणजे नेमके काय? ज्या रुग्णालयाकडे गरीब रुग्ण जास्त येतात ते तोट्यात जाईल आणि तुमच्या नियमाने बंद पडेल.

वजाबाकी

आयर्लंडचे उदाहरण योग्य आहे आणि त्यावर माझ्याकडे सारवासारव नाही. फक्त त्याच्या शेजारी चीनमधील १९५९ ते १९६१ ही उपासमारीची वर्षे ठेवावीत. तिथे बळींची संख्या अगदी सावध अंदाजानेही दीड कोटीच्या घरात जाते. धान्य तिथेही बाहेर पाठवले जात होते, कारण खालच्या अधिकाऱ्यांनी वर कळवलेले पिकाचे आकडे फुगवलेले होते आणि त्या आकड्यांवर वसुली ठरत होती. खरा आकडा सांगणाऱ्यावर गद्दारीचा शिक्का बसत होता. बाजार गरिबाचा आवाज ऐकत नाही हे खरे. पण जिथे बाजारही नाही आणि वृत्तपत्रही नाही तिथे कोणाचाच आवाज ऐकू येत नाही. हायेक यांच्याबद्दलही एक गैरसमज दूर करतो. अन्न, निवारा आणि कपडे यांची किमान हमी सर्वांना देता येते आणि ती स्वातंत्र्याच्या विरोधात नाही, असे त्यांनी १९४४ मध्येच स्पष्ट लिहिले होते. त्यांचे नाव घेऊन प्रत्येक कल्याणकारी योजनेला विरोध करणाऱ्यांनी ते पान वाचलेले नसते.

मोजमाप

चीनचा विषय निघालाच आहे तर त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण ती दोन्ही बाजूंकडून अर्धवट सांगितली जाते. डिसेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातील श्याओगांग या गावात १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करार केला की सामूहिक जमीन कुटुंबांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा आणि उरलेले पीक ज्याचे त्याने ठेवायचे. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्यांची मुले इतरांनी सांभाळायची, असेही त्यात ठरले होते. पुढच्या पाच-सहा वर्षांत ही पद्धत जवळजवळ सर्व देशभर पसरली आणि धान्याचे उत्पादन १९७८ मधील सुमारे ३० कोटी टनांवरून १९८४ मध्ये सुमारे ४० कोटी टनांवर गेले. बाजाराचे समर्थक इथे टाळ्या वाजवून थांबतात. पण सरकारने १९७९ मध्ये धान्याचे खरेदीभाव चांगलेच वाढवले होते, रासायनिक खतांचा पुरवठा वाढला होता, आणि पाटबंधारे व सुधारित वाण हे आधीच्या सामूहिक काळातील गुंतवणुकीचे फळ होते. शिवाय जमिनीची मालकी सामूहिकच राहिली आणि ती आजही तशीच आहे. शेतकऱ्याला मालकी मिळाली नाही. त्याला मिळाला तो आपल्या कष्टाच्या फळावरचा हक्क, आणि त्याबरोबर आपल्या चुकीचा तोटाही.

सोव्हिएत संघातही हेच दिसते. शेतकरी कुटुंबांना घरालगत जे छोटे तुकडे कसायला दिले होते ते एकूण लागवडीखालील जमिनीच्या ३ ते ४ टक्केच होते, पण शेतीच्या एकूण उत्पादनाचा जवळपास चौथा भाग तिथून येत असे. हा आकडाही जपून वापरावा. त्या तुकड्यांवर बटाटे, भाज्या, दूध, अंडी अशी महाग आणि कष्टाची उत्पादने घेतली जात, तर गव्हाची अफाट शेते सामूहिक होती. आणि घरच्या जनावरांचा चारा पुष्कळदा सामूहिक शेतातूनच येत असे. तरीही एवढी तफावत केवळ पिकांच्या निवडीने भरून निघत नाही.

मूळ लेखाच्या बाजूने याहून चांगला पुरावा चीनच्या गावोगावच्या कारखान्यांचा आहे. १९८० च्या दशकात ज्या उद्योगांनी तिथे झपाट्याने वाढ केली त्यांतले बरेच खासगी नव्हते. ते गावांच्या आणि तालुक्यांच्या स्थानिक सरकारांच्या मालकीचे होते. मात्र गावाच्या तिजोरीत तोटा भरून काढण्याइतके पैसेच नसत. त्यामुळे मालक सरकार असूनही कारखाना बुडत असे, आणि दुसरीकडे बीजिंगच्या मालकीचे अवाढव्य उद्योग सरकारी बँकांच्या कर्जांवर तगून राहत.

उंबरठा

सर्व वाचले. एक साधी शंका आहे. ज्या गोष्टी बंद करताच येत नाहीत त्यांचे काय? ब्रिटनने रेल्वेचे रूळ रेलट्रॅक या खासगी कंपनीकडे दिले होते. ती २००१ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोलमडली, पण म्हणून गाड्या थांबवता येणार नव्हत्या. शेवटी २००२ मध्ये नफा न वाटणारी नवी संस्था उभी करून रूळ तिच्या ताब्यात द्यावे लागले. तोट्याची भीती तिथे कोणाला आणि कशी घालणार?

ताळेबंद

रुग्णालय आणि रेल्वे हे दोन्ही प्रश्न माझ्या मांडणीतील कच्च्या जागेवर बोट ठेवणारे आहेत. सेवा बंद पडू द्यायची नसेल तर ती चालवणारी संस्था बंद पडू द्यावी, असे माझे उत्तर आहे, आणि रेलट्रॅकच्या बाबतीत तेच घडले. रूळ राहिले, कंपनी गेली. रुग्णालयाबद्दल मात्र मी माघार घेतो. गरिबांवर उपचार केल्यामुळे येणारी तूट हा तोटाच नव्हे. ते समाजाने आधीच मान्य केलेले आणि आगाऊ मोजलेले देणे आहे. किती द्यायचे ते आधी ठरवून दिले आणि त्यापुढे हात आखडला, तर शिस्त टिकते. वर्षाअखेरीस जितकी तूट येईल तितकी भरून दिली, तर कोर्नाई यांचा रोग परत येतो. हे कागदावर जितके सोपे दिसते तितके प्रत्यक्षात नसते, कारण औषधाविना रुग्ण दारात उभा असताना हात आखडणे कोणत्याही सरकारला जड जाते, आणि जड जायलाही हवे.

तोटा आणि माणसे वेगळी करता येतात का, यावर कोणी लिहिले नाही म्हणून मीच लिहितो. बाजारव्यवस्थेने हे स्वतःच्या बाबतीत फार पूर्वी करून घेतले आहे. ब्रिटनमध्ये १८५५ चा मर्यादित दायित्वाचा कायदा येईपर्यंत सामान्य भागीदाराला धंदा बुडाल्यावर स्वतःच्या घरादारासकट सगळे गमवावे लागत असे. १८६९ पर्यंत तर कर्ज फेडू न शकणाऱ्याला सर्रास तुरुंगात टाकले जाई. भांडवल गुंतवणाऱ्याने कंपनीच्या तोट्यात सर्वस्व गमावू नये, हे कायद्याने मान्य केले आणि त्यामुळे धाडस कमी न होता वाढले. मग मजुराच्या बाबतीत हाच युक्तिवाद केला की तो आळशी होईल असे म्हणणारे लोक स्वतःच्या भागभांडवलावरचे ते संरक्षण परत करायला तयार आहेत का, हे मला नेहमी विचारावेसे वाटते. डेन्मार्कमध्ये मालकाला कामगार कमी करणे तुलनेने सोपे आहे, पण बेकार झालेल्या विमाधारकाला दोन वर्षांपर्यंत चांगला भत्ता आणि नवे काम शिकण्यासाठी मदत मिळते. तिथल्या कामगार संघटना बुडणारा कारखाना वाचवा म्हणून फारसा हट्ट धरत नाहीत, कारण कारखाना गेला तरी घर चालते.

याहून धीट प्रयोग स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोन्द्रागोन या कामगार-मालकीच्या सहकारी समूहाचा आहे. १९५६ मध्ये ज्या उद्योगापासून तो सुरू झाला त्याच परंपरेतील फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. समूहाने तिला आधी अनेकदा पैसे पुरवले होते. शेवटी, आणखी पैसे घातले तर बाकीच्या संस्थाही बुडतील, असे ठरवून इतर कामगार-मालकांनी हात मागे घेतला. त्याच वेळी फागोरच्या बहुसंख्य सभासदांना इतर संस्थांत सामावून घेतले गेले किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली गेली. मालकी पूर्णपणे सामूहिक, तरी संस्था बुडू दिली गेली आणि बहुतेक सभासद वाचले. जे नोकर होते पण सभासद नव्हते त्यांच्या वाट्याला ही सुरक्षा आली नाही, हेही नमूद करायला हवे.

वजाबाकी

मोन्द्रागोनचे उदाहरण मला पटले. पण त्याच्या शेजारी युगोस्लाव्हियाही ठेवा. तिथे १९५० च्या कायद्याने कारखाने कामगारांच्या मंडळांकडे सोपवले गेले. मंडळांनी मिळकत पगारात वाटून घेतली, गुंतवणूक बँकांच्या कर्जातून केली, आणि बुडणाऱ्या कारखान्याला स्थानिक पक्षनेते सावरून धरत राहिले. १९८९ मध्ये तिथली महागाई आटोक्याबाहेर गेली त्याला इतरही कारणे होती, पण कोणालाच नाही न म्हणणाऱ्या बँका हे एक प्रमुख कारण होते. फागोरला नाही म्हणणारे स्वतःच्या खिशातले पैसे वाचवत होते. युगोस्लाव्हियातील बँकेला खिसा नव्हता.

दुसरी बाजू

इथेच मूळ लेखाशी माझा सर्वांत मोठा मतभेद आहे. मालकीचा प्रश्न दुय्यम आहे असे धागाकर्ते म्हणतात. रशियात काय झाले ते पाहा. २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक किमती मोकळ्या केल्या गेल्या, त्या वर्षी भाव पंचवीसपटींहून अधिक वाढले आणि लोकांची आयुष्यभराची बचत विरघळली. त्यापाठोपाठ खासगीकरण झाले. आता बुडण्याची भीती यायला हवी होती. ती आली नाही. कारखाने गॅसचे आणि विजेचे बिल भरेनासे झाले, कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले, कर वस्तूंच्या रूपात भरला जाऊ लागला, आणि तरीही मोठ्या उद्योगांना टाळे लागले नाही. १९९५ मध्ये तर सरकारने बँकांकडून कर्ज घेऊन तारण म्हणून तेल आणि धातूंच्या बड्या कंपन्यांचे भाग दिले. कर्ज फेडले गेले नाही आणि ज्या बँकांनी लिलाव भरवले त्यांच्याच लोकांकडे त्या कंपन्या कवडीमोलाने गेल्या. या सगळ्या काळात रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ पर्यंत ५८ वर्षांखाली घसरले होते.

तोटा कोणाला माफ होतो? मंत्रालयाच्या दारात ज्याचा शब्द चालतो त्याला. शब्द कोणाचा चालतो? ज्याच्याकडे खूप काही आहे त्याचा, मग तो पक्षाचा पदाधिकारी असो वा तेलसम्राट. चीनने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी उद्योगांना शिस्त लावली तेव्हा घोषणाच अशी होती की मोठ्यांना धरून ठेवा आणि लहानांना सोडून द्या. त्यात दोन कोटींहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मोजमाप यांनी उल्लेखलेले बीजिंगचे बडे उद्योग मात्र राहिले. लेहमन आणि एआयजी यांच्यातील फरकही ताळेबंदाचा कमी आणि आकारमानाच्या धाकाचा जास्त होता. मालकी मूठभरांच्या हाती साठली की त्यांचा तोटा माफ होणारच. म्हणून समाजवादी माणूस मालकीबद्दल बोलतो तेव्हा तो जुनी टेप वाजवत असतो असे समजू नये.

मोजमाप

वरील मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. मोठ्या संस्थेचा तोटा नेहमीच माफ होतो असे नाही. स्वीडनमधील बँका १९९२ मध्ये कोसळल्या तेव्हा सरकारने ठेवीदारांना आणि धनकोंना पूर्ण हमी दिली, पण गोटा या बँकेच्या भागधारकांना काहीच मिळाले नाही. बँक सरकारने ताब्यात घेतली, बुडीत कर्जे वेगळ्या कंपनीत काढली आणि वसूल होईल तेवढे हळूहळू वसूल केले. राष्ट्रीयीकरण हे समाजवाद्यांचे हत्यार मानले जाते. इथे ते मालकांना तोटा सोसायला लावण्यासाठी वापरले गेले, आणि ते वापरणारे सरकार उजव्या विचारांचे होते.

ताळेबंद

स्वीडनचे उदाहरण मला ठाऊक असूनही मूळ लेखात सुचले नाही, याचे वाईट वाटते. ‘दुसरी बाजू’ यांच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. गावाच्या मालकीचा कारखाना बुडू शकला तो गावाची तिजोरी लहान होती म्हणून, आणि फागोर बुडू दिली गेली ती नाही म्हणणारे आणि पैसे गमावणारे एकच होते म्हणून; म्हणजे मी दिलेल्या आणि मला दिल्या गेलेल्या प्रत्येक उदाहरणात मालकी किती मोठी, किती एकवटलेली आणि कोणाला जबाबदार होती यावरच निकाल लागलेला आहे. पहिल्या परिच्छेदात मी मालकीचा प्रश्न दुय्यम आहे असे लिहिले होते. ते वाक्य मी मागे घेतो. संपादनाची मुदत संपल्यामुळे ते तिथे तसेच दिसत राहील, तरी नव्याने येणाऱ्या वाचकांनी हा प्रतिसाद त्याला जोडून वाचावा.